घरच्या गॅरेजसाठी घेतलेला जुना एअर कॉम्प्रेसर: वर्षभराच्या वापरानंतर

गेल्या वर्षी मी घरच्या गॅरेजसाठी पट्ट्यावर चालणारा एक जुना एअर कॉम्प्रेसर विकत घेतला. २ अश्वशक्तीची सिंगल फेज मोटार, दोन सिलिंडरचा बिडाचा पंप आणि १०० लिटरची आडवी टाकी असे त्याचे स्वरूप आहे. याच क्षमतेच्या नव्या यंत्राला जेवढे पैसे पडले असते, त्याच्या साधारण ४० टक्क्यांत तो मिळाला आणि पुढच्या दुरुस्तीला आणखी सुमारे १० टक्के लागले. म्हणजे निम्म्या किमतीत मला असे यंत्र मिळाले, जे वर्षभर एकदाही कामाच्या मध्येच बंद पडलेले नाही. मी या खरेदीवर पूर्ण समाधानी आहे. मात्र या यंत्रापर्यंत पोहोचण्याआधी मी दोन महिन्यांत चार कॉम्प्रेसर पाहून सोडून दिले होते आणि त्यांतला एक जर मी घाईत घेतला असता, तर आज हा अभिप्राय फार वेगळा झाला असता. म्हणून यंत्र कसे चालते याइतकेच ते कसे पारखले, हेही मी येथे सविस्तर लिहीत आहे.

जुना कॉम्प्रेसर पाहायला गेलेला माणूस बहुधा आधी पंप आणि मोटारीकडे वळतो, कारण आवाज तिथून येतो आणि बिघडते तेही तेच, अशी आपली समजूत असते. माझेही तसेच होते. प्रत्यक्षात पंपाच्या रिंगा, झडपा, गॅस्केट, बेअरिंग, मोटारीचे रिवाइंडिंग, कपॅसिटर, प्रेशर स्विच, पट्टा, पुली यांपैकी प्रत्येक गोष्ट दुरुस्त करता येते किंवा बदलता येते. टाकीचे तसे नाही. टाकी आतून गंजत जाते, पत्रा कुठे किती पातळ झाला हे बाहेरून दिसत नाही आणि पातळ झालेल्या पत्र्यावर ठिगळ मारून ती पूर्ववत होत नाही. त्यामुळे जुना कॉम्प्रेसर घेणे म्हणजे मुख्यतः एक टाकी विकत घेणे आहे, या निष्कर्षावर मी आलो आहे. तिच्यावर बसवलेला पंप चांगला निघाला, तर उत्तमच.

हे मला ज्या यंत्राने शिकवले ते मी पाहिलेले दुसरे यंत्र होते. लांबून ते नव्यासारखे दिसत होते. टाकीला ताजा निळा रंग दिलेला होता, पुलीसुद्धा रंगवलेली होती आणि विकणारे गृहस्थ पुन्हा पुन्हा सांगत होते, "बिनधास्त न्या साहेब, टाकी ठणठणीत आहे." मी टाकीखाली हात घालून ड्रेन कॉक, म्हणजे तळाचे पाणी काढायची तोटी, फिरवून पाहिला तर तो जाम झालेला होता. "पाणी काढायची कधी वेळच आली नाही," असे त्यांनी सांगितले आणि त्यांच्या मते ती यंत्राची तारीफ होती. मी मोबाइलचा उजेड खाली धरला. ड्रेनच्या सॉकेटपासून चार बोटांवर रंगाखाली एक चपटा फुगवटा दिसत होता. नखाने खरवडल्यावर रंगाचा पापुद्रा सुटला आणि खाली पितळी झाक असलेला, रुपयाच्या नाण्याएवढा डाग उघडा पडला. तिथे कधीतरी बारीक भोक पडले होते आणि कोणीतरी ते ब्रेझिंग करून, म्हणजे पितळ वितळवून, बुजवले होते. टाकीच्या पाटीवरही रंगाचा इतका जाड थर होता की कमाल दाबाचा आकडा वाचता येत नव्हता. एका ठिकाणी भोक पडेपर्यंत पत्रा खाल्ला गेला असेल, तर त्याच्या आजूबाजूचा पत्राही कागदासारखा पातळ झालेला असतो. ते भोक बुजवल्याने गळती थांबते, धोका मात्र तसाच राहतो. मी आभार मानून तिथून निघालो.

हा धोका केवढा असतो याचा अंदाज एका साध्या हिशेबाने येतो. १०० लिटरची टाकी ८ बार दाबापर्यंत (एक बार म्हणजे साधारण बाहेरच्या हवेच्या दाबाएवढा) भरली असेल, तर तिच्यातील हवा एकदम प्रसरण पावताना सुमारे १०० किलोज्यूल ऊर्जा बाहेर पडू शकते. एक टन वजनाची गाडी १० मीटर उंच उचलायला जेवढी ऊर्जा लागेल तेवढी ही आहे, आणि टाकी फाटली तर ती क्षणार्धात मोकळी होते. म्हणूनच टाकीची चाचणी हवेने करत नाहीत. टाकी पाण्याने काठोकाठ भरतात आणि मग हातपंपाने तिच्या ठरलेल्या कमाल दाबापेक्षा जास्त दाब देतात. पाणी जवळजवळ दाबले जात नसल्यामुळे त्यात ऊर्जा फारशी साठत नाही. टाकी कमकुवत असेल तर ती पाझरते, दाब लगेच उतरतो आणि कोणाला इजा होत नाही. ज्यांना जुनी टाकी घ्यायचीच आहे आणि तिचा इतिहास माहीत नाही, त्यांनी ही पाण्याची चाचणी किंवा अल्ट्रासोनिक उपकरणाने पत्र्याची जाडी मोजून घेणे, यांपैकी एक तरी करावेच, अशी माझी कळकळीची विनंती आहे. हातोडीने ठोकून नाद ऐकण्याची पद्धत मीही वापरली, परंतु ती रिकाम्या टाकीवरच वापरावी आणि तिच्यावर पूर्ण भिस्त ठेवू नये. बद्द आवाज आला तर शंका घ्यायला जागा आहे, पण खणखणीत आवाज आला म्हणून टाकी निर्धोक ठरत नाही.

टाकीत पाणी येते कुठून, हा प्रश्न मला अनेकांनी विचारला आहे. ते हवेतूनच येते. ३० अंश सेल्सिअस तापमानाच्या, ७० टक्के आर्द्रतेच्या एक घनमीटर हवेत साधारण २१ ग्रॅम पाण्याची वाफ असते. १०० लिटरच्या टाकीत ८ बारपर्यंत हवा भरायची म्हणजे आधीपासून आत असलेली १०० लिटर धरून बाहेरची सुमारे ९०० लिटर हवा त्यात कोंबायची, म्हणजेच जवळपास १९ ग्रॅम वाफ आत जाते. टाकी थंड होऊन पुन्हा ३० अंशांवर आली की तेवढ्या जागेत जेमतेम ३ ग्रॅम वाफ टिकू शकते. उरलेली १६ ग्रॅम पाणी होऊन तळाशी बसते. हा हिशेब टाकी एकदाच भरल्याचा आहे. पंप तासभर सलग चालला आणि हवा नीट थंड झाली, तर दीडशे ग्रॅमच्या आसपास पाणी निघते. ते रोज काढले नाही तर टाकीचा तळ कायम ओला राहतो, आणि म्हणून आडव्या टाकीत सगळ्यांत आधी गंजते ती तळाची रेषा व ड्रेनच्या सॉकेटचा परिसर. ज्या मालकाने कधीच पाणी काढले नाही, त्याची टाकी किती जुनी आहे हे विचारण्याचीसुद्धा गरज नाही.

मी घेतलेले यंत्र एका बंद होत असलेल्या सुतारकामाच्या वर्कशॉपमध्ये होते. त्याचा रंग उडालेला होता, पट्ट्याची जाळी एका बाजूने वाकलेली होती आणि फिल्टरवर लाकडाच्या भुशाचा थर होता. परंतु पाटी स्वच्छ वाचता येत होती. निर्मितीचे वर्ष, टाकीची क्षमता, कमाल दाब १० बार आणि पत्र्याची जाडी ३ मिलिमीटर हे सारे तिच्यावर कोरलेले होते. ड्रेन कॉक दोन बोटांनी फिरला. मी खाली पांढरे फडके धरले. आधी थोडे तांबूस, मग लगेच जवळजवळ स्वच्छ पाणी आले आणि गंजाचे पापुद्रे अजिबात पडले नाहीत. मालकांच्या परवानगीने टाकी पूर्ण रिकामी करून मी ड्रेनचा प्लग काढला व मोबाइलला जोडता येणारा छोटा कॅमेरा आत सोडला. तळाला तपकिरी रंगाचा सपाट थर दिसला, पण खड्डे किंवा सोलपटे दिसली नाहीत. टाकीला जिथे पाय जोडलेले असतात आणि जिथे वरच्या फळीचा जोड असतो, तिथल्या वेल्डिंगच्या कडेने मी नख फिरवून पाहिले. गंज नसतानासुद्धा सततच्या थरथरीने या जागी केसासारखी चीर पडू शकते. इथे तशी चीर नव्हती. यानंतरच मी पंप चालू करून दाखवण्याची विनंती केली.

पंपाची परीक्षा नेहमी थंड यंत्रावर आणि रिकाम्या टाकीवर सुरू करावी. आपण पोहोचण्याआधीच यंत्र चालवून गरम करून ठेवलेले असेल, तर थंडपणी मोटार अडखळते का हे कळत नाही, म्हणून गेल्या गेल्या पंपाच्या हेडला, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणाला, हात लावून पाहण्याची सवय मी लावून घेतली होती. या यंत्राचे हेड गार होते. बटण दाबल्यावर मोटारीने एक क्षण जड हुंकार दिला आणि पंपाने ठेका धरला. त्यानंतर मी घड्याळ लावले. ही चाचणी कोणालाही करता येते आणि पंपाच्या पाटीवरील आकड्यांपेक्षा ती कितीतरी अधिक सांगते. टाकीची क्षमता लिटरमध्ये घ्यावी, दाब जितक्या बारने वाढला त्या आकड्याने तिला गुणावे आणि लागलेल्या मिनिटांनी भागावे, म्हणजे पंप मिनिटाला बाहेरची किती लिटर हवा खरोखर भरतो ते ढोबळमानाने निघते. माझ्या यंत्राला ६ बारवरून ८ बारवर जायला ८० सेकंद लागले. १०० लिटर गुणिले २ बार म्हणजे २०० लिटर, आणि ते ८० सेकंदांत, म्हणजे मिनिटाला १५० लिटर. पंपाच्या पाटीवर २४० लिटर लिहिले होते, मात्र तो आकडा पिस्टन जेवढी जागा व्यापतो तेवढ्याचा असतो. या दाबावर एका टप्प्याच्या पंपाकडून त्यातले ६० ते ७५ टक्के मिळाले तर पंप निरोगी समजायला हरकत नाही. येथे ६२ टक्के मिळत होते. याचा अर्थ पंप जिवंत होता, पण झडपा किंवा फिल्टर कुठेतरी गुदमरत होते. भुशाने भरलेला फिल्टर पाहता याचे आश्चर्य वाटले नाही.

८ बारला प्रेशर स्विचने मोटार बंद केली, आणि इथे या यंत्राचा खरा दोष समोर आला. मोटार थांबताच 'फुस्स' असा आवाज येणे योग्यच आहे. पंप आणि टाकी यांच्यामधल्या नळीत अडकलेली हवा अनलोडर बाहेर सोडतो, जेणेकरून पुढच्या वेळी मोटारीला दाबाविरुद्ध सुरू व्हावे लागू नये. हा आवाज एक-दोन सेकंदांत थांबला पाहिजे. माझ्या यंत्राचा आवाज थांबलाच नाही. बारीक, अखंड सुस्कारा चालूच राहिला आणि काटा हळूहळू उतरू लागला. मालक ओशाळून म्हणाले, "स्विच थोडा लीक आहे." खरे कारण वेगळे होते. टाकीच्या तोंडाशी असलेला, हवा उलटी येऊ न देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह नीट बसत नव्हता, त्यामुळे टाकीतली हवा उलट नळीत येऊन स्विचखालच्या अनलोडरमधून निसटत होती. आवाज स्विचपाशी येतो, म्हणून अनेक जण आधी स्विचच बदलतात आणि पैसे वाया घालवतात. हा दोष मला आधीच माहीत असल्यामुळे मी तो मालकांना मोकळेपणाने समजावून सांगितला, त्यांनी किंमत थोडी उतरवली आणि आमचा व्यवहार दोघांच्याही समाधानाने झाला.

याउलट जे दोष मी खपवून घेतले नसते, तेही सांगतो. दाब वाढेल तशी वाढत जाणारी ठकठक म्हणजे कनेक्टिंग रॉड किंवा पिस्टनची पिन झिजली आहे. पंप चालू असताना फिल्टरच्या तोंडावर तळहात धरला आणि हवा आत ओढली जाण्याबरोबरच बाहेरही फुंकली जात असेल, तर आत घेणारी झडप तुटली आहे किंवा बसत नाही. यांपैकी हा एकच दोष तसा किरकोळ दुरुस्तीचा आहे. क्रँककेसच्या, म्हणजे पंपाच्या तेल असलेल्या खालच्या भागाच्या, ब्रीदरमधून (हवा सोडणाऱ्या छिद्रातून) धुरकट हवेचे जोरदार फवारे येत असतील किंवा टाकीतून निघणाऱ्या पाण्यावर तेलाचा जाड तवंग असेल, तर रिंगा संपल्या आहेत. तेल पांढरट, ताकासारखे झाले असेल तर त्यात पाणी मिसळलेले आहे, आणि बोटांवर घेतलेल्या तेलात चमचम दिसली तर बेअरिंगचा धातू झिजून तेलात उतरतो आहे. माझ्या यंत्राचे तेल काळे होते, पण त्यात चमक नव्हती.

दाब दाखवणाऱ्या गेजबद्दल मात्र मी सर्वांना आवर्जून सावध करतो, कारण याकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. मी जाताना स्वतःचा एक नवा गेज क्विक कपलरसह खिशात नेला होता. यंत्रावरचा गेज ८ बार दाखवत असताना माझा गेज ९ दाखवत होता. टाकी रिकामी केल्यावर जुन्या गेजचा काटा शून्याच्याही खाली, खुंटीला टेकून बसला. म्हणजे ते वर्कशॉप कित्येक महिने आपल्या समजुतीपेक्षा एक बार जास्त दाबावर यंत्र चालवत होते. टाकीची मर्यादा १० बार असल्यामुळे ते निभावले. दाब मर्यादेबाहेर गेला तर हवा सोडून देणाऱ्या सेफ्टी व्हॉल्व्हची कडी ओढून पाहिली तर तीही हलेना. गेज खोटे बोलतो आणि सेफ्टी व्हॉल्व्ह जाम आहे, अशा अवस्थेत प्रेशर स्विच चिकटला असता तर काय झाले असते, हा विचार त्या दिवशी मला घरी येईपर्यंत सोडत नव्हता. एकच गोष्ट आठवणीने करायची असेल, तर जुना कॉम्प्रेसर घरी आणल्यावर पहिल्याच दिवशी गेज आणि सेफ्टी व्हॉल्व्ह दोन्ही नवे बसवावेत. नव्या सेफ्टी व्हॉल्व्हचा दाब टाकीच्या पाटीवरील कमाल दाबापेक्षा जास्त असता कामा नये आणि त्याच्या व टाकीच्या मध्ये कोणताही कॉक नसावा. गेज घेताना एकक पाहून घ्यावे. मेकॅनिक ज्याला नुसते 'आठ किलो' म्हणतात तो दाब किलो प्रति चौरस सेंटीमीटरमध्ये असतो आणि बारच्या अगदी जवळ असतो, पण पीएसआयमध्ये (पौंड प्रति चौरस इंच) तोच आकडा ११४ च्या आसपास जातो.

मोटारीविषयी थोडक्यात सांगायचे तर ती सिंगल फेज आहे की थ्री-फेज, हे फोनवरच विचारून घ्यावे. वर्कशॉपमधली बरीच यंत्रे थ्री-फेजवर चालतात आणि घरी आणल्यावर मोटार बदलण्याचा खर्च पडतो. मी सोडून दिलेल्या चारपैकी एक यंत्र केवळ याच कारणाने गेले.

यंत्र आणतानाही काळजी घ्यावी लागली. पंप आणि मोटार दोन्ही टाकीच्या डोक्यावर असल्यामुळे सगळे वजन वर असते आणि टेम्पोच्या एका वळणावर ते सहज कलंडू शकते. आडवे पाडून तर ते कधीच नेऊ नये, कारण क्रँककेसमधले तेल सिलिंडरमध्ये आणि ब्रीदरमध्ये शिरते. आम्ही टाकी पूर्ण रिकामी केली, तेल काढून घेतले आणि यंत्र चारही बाजूंनी दोरांनी बांधून उभेच आणले.

घरी आल्यावर पहिला आठवडा दुरुस्तीत गेला. नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह उघडला तेव्हा आतली रबरी चकती कडक होऊन तिच्यावर कार्बनचा एक कण रुतून बसलेला दिसला, आणि एवढ्याशा कणामुळे ती सगळी गळती होती. चकती बदलली. हेड खोलून झडपांच्या पट्ट्यांवरचा कार्बन रॉकेलने धुऊन काढला, दोन्ही गॅस्केट नवी घातली आणि हेडचे बोल्ट समोरासमोरच्या क्रमाने, दोन-तीन टप्प्यांत आवळले. फिल्टर नवा बसवला. तेल कॉम्प्रेसरचेच, व्हीजी १०० या घट्टपणाच्या प्रतीचे घातले. गाडीचे इंजिन ऑइल इथे वापरू नये, कारण त्यातील डिटर्जंटमुळे तेल पाण्याशी मिसळून राहते आणि तापलेल्या झडपांवर कार्बनही अधिक साचतो. पट्टा अंगठ्याने दाबल्यावर साधारण १२ मिलिमीटर खाली जाईल इतका ताणला, दोन्ही पुली एका रेषेत आहेत का हे दोरी धरून तपासले आणि जाळी सरळ करून परत बसवली. मोठ्या पुलीचे आरे पंख्यासारखे तिरके असतात, त्यांनी हवा पंपावर मारली पाहिजे. दुरुस्तीनंतर मोटार उलटी फिरू लागली तर पंप चालतो, पण थंड होत नाही, म्हणून बाणाची दिशा जरूर पाहावी. हे सारे झाल्यावर मी पुन्हा घड्याळ लावले. ६ ते ८ बारला ८० ऐवजी ७० सेकंद लागले, म्हणजे मिनिटाला १७१ लिटर. मग बाहेरचा कॉक बंद करून यंत्र रात्रभर तसेच ठेवले. पहिल्या अर्ध्या तासात काटा थोडा उतरला, कारण आतली गरम हवा थंड होत होती. त्यानंतर सकाळपर्यंत तो जागेवरून हलला नाही. त्या स्थिर काट्याकडे पाहताना झालेला आनंद नव्या यंत्राचे खोके उघडताना मला झाला नसता.

आता वर्षभराच्या वापराविषयी. चाकांत हवा भरणे, फिल्टर व रेडिएटरवर हवा मारणे, अर्धा इंच इम्पॅक्ट रेंचने चाकांचे नट सोडवणे, ग्रीस गन चालवणे ही माझी नित्याची कामे आहेत आणि त्यांसाठी हे यंत्र हवे तेवढे समर्थ आहे. इम्पॅक्ट रेंच हवा भरपूर खातो, पण काही सेकंदच. ८ बारवरून ६ बारवर येईपर्यंत टाकीतून जे २०० लिटर मिळतात, त्यात गाडीच्या एका चाकाचे नट मोटार सुरू न होता निघतात. दुचाकीचे दोन पॅनेल मी याच्यावर रंगवले. त्यासाठी पाणी अडवणारा फिल्टर आणि रेग्युलेटर वेगळा बसवावा लागला. तरीही पहिल्या प्रयत्नात रंगावर माशाच्या डोळ्यासारखे बारीक मत्स्यनेत्री डाग आले, कारण सलग चालल्याने टाकी तापली होती आणि पाणी वाफेच्या रूपातच फिल्टरच्या पलीकडे निघून गेले होते. दुसऱ्या वेळी पंपापासून दहा मीटर नळी घेऊन फिल्टर तिच्या शेवटी लावला. नळीत हवा थंड झाली, पाणी फिल्टरमध्येच साचले आणि रंग स्वच्छ बसला.

ज्या कामांना हे यंत्र पुरे पडत नाही तीही स्पष्टपणे सांगितली पाहिजेत. हवेवरचा सँडर मिनिटाला ३०० लिटरच्या आसपास हवा मागतो आणि ती सतत मागतो. माझा पंप १७१ देतो. दोन मिनिटांत दाब खाली येतो, मोटार अखंड चालू राहते आणि हेड हात लावता येणार नाही इतके तापते. सँडब्लास्टिंगचा तर विचारही करू नये. ज्यांचे मुख्य काम हेच आहे, त्यांनी मोठी टाकी शोधण्यापेक्षा मोठा पंप शोधावा, कारण टाकी फक्त आधी भरून ठेवलेली हवा देते, नवी हवा देत नाही. घरच्या एका साध्या प्लगवर एवढा मोठा पंप चालवणे शक्य होत नाही, ही अडचण त्यांनी आधीच लक्षात घ्यावी.

आवाजाच्या बाबतीत मी या यंत्राला पूर्ण गुण देणार नाही. पंप मिनिटाला ९०० च्या आसपास फेरे फिरतो, त्यामुळे थेट मोटारीला जोडलेल्या छोट्या यंत्रांसारखा कर्कश आवाज येत नाही, पण बंद गॅरेजमध्ये शेजारी उभे राहून बोलता येत नाही आणि मी कानांना संरक्षक लावूनच काम करतो. पायांखाली जाड रबरी पट्ट्या घातल्यावर घरात जाणवणारी थरथर बरीच कमी झाली. पाय जमिनीला बोल्टने घट्ट आवळण्याचा मोह मी टाळला. फरशी थोडी जरी असमान असली तरी तो ताण टाकीच्या वेल्डिंगवर येतो. लांबवर काम असेल तेव्हा विजेची वायर लांबवण्याऐवजी हवेची नळी लांबवतो, कारण बारीक एक्स्टेंशन वायरवर व्होल्टेज पडते आणि सुरू होताना मोटार तापते. भिंतीवरून हवेची कायमची लाइन टाकताना मी तांब्याचा पाइप वापरला. अनेक जण नळकामाचा पीव्हीसी पाइप वापरतात. तो दाबाखालील हवेसाठी अजिबात योग्य नाही. फुटला तर त्याचे धारदार तुकडे उडतात, आणि जुना होईल तसा तो अधिकच ठिसूळ होतो.

छोटा, तेलाविना चालणारा कॉम्प्रेसर जुना घ्यावा का, असेही मला विचारले जाते. माझे मत नकारार्थी आहे. नवा घेतला तर तो हलका आणि सोयीचा असतो, याबद्दल वाद नाही. पण त्याच्या पिस्टनची रिंग तेलाविना घासत असते आणि तिचे आयुष्य मर्यादित असते. जुन्या यंत्रात ते किती उरले आहे हे बाहेरून कळत नाही, आणि ती संपल्यावर दुरुस्तीचा खर्च नव्या यंत्राच्या जवळ जातो. बिडाचा, तेलाचा, पट्ट्यावरचा पंप मात्र नीट राखला तर अनेक वर्षे चालतो आणि पुन्हा पुन्हा बांधता येतो. म्हणून जुन्या बाजारात मी त्याच्यावरच विश्वास ठेवीन.

टाकीखालचा मूळ ड्रेन कॉक वाकून उघडावा लागत असे, त्यामुळे कंटाळा येणे साहजिक होते. मी तिथे एल्बो आणि अर्धा हात लांबीचा पाइप जोडून त्याच्या टोकाला बॉल व्हॉल्व्ह बसवला. आता काम संपले की उभ्यानेच पायाने बादली सरकवून तो उघडतो. पावसाळ्यात एका दिवसाच्या कामानंतर बादलीच्या तळाशी कपभर पाणी जमते, हिवाळ्यात त्याच्या निम्मेही नसते. यंत्र घेतले त्याच महिन्यात मी एका तंत्रज्ञांकडून टाकीच्या पत्र्याची जाडी सहा ठिकाणी मोजून घेतली होती आणि प्रत्येक जागेवर रंगाने गोल खूण करून ठेवली होती. बाजूंना ३.१ मिलिमीटर आणि ड्रेनजवळच्या दोन खुणांवर २.८ असे आकडे आले होते. पाटीवरील जाडी आणि मी वापरतो तो ८ बारचा दाब पाहून त्यांनी टाकी वापरण्यास हरकत नसल्याचे सांगितले. गेल्या आठवड्यात त्याच खुणांवर पुन्हा मोजले. सहाही आकडे तेच आले. ते मी तारखेसह टाकीच्या गोल तोंडावर, आधीच्या ओळीखाली, मार्करने लिहून ठेवले आहेत आणि खाली पुढच्या वर्षांसाठी जागा सोडली आहे.